वर्गातली एक मुलगी वादविवादात इतकं सहज बोलली, तसं बोलणं जन्मजात असतं का शिकता येतं?

बीए दुसरं वर्ष, बेळगाव:
परवा वर्गात वादविवाद झाला, विषय तंबाखूचं पीक बंद करावं का. मी बंद करावं या बाजूनं, "सन्माननीय व्यासपीठ" पासून तीन पानं पाठ करून गेलो होतो. समोर निपाणीकडची एक मुलगी, हातात कागदसुद्धा नाही. उठली आणि म्हणाली, "माझी आई विड्या वळते. हजार झाल्या की मजुरी. पानं कातरायची, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा, मांडीवरचं सूप संध्याकाळपर्यंत खाली ठेवत न्हाई." सगळा वर्ग गप्प. मग मी कॅन्सरचं काढलं तर चिडली नाही, जरा थांबली आणि म्हणाली, "खरं हाय ते. आईचा खोकला मी रोज ऐकते. पण उद्या बंद केलं तर तिनं काय करायचं तेवढं सांग." माझ्या तीन पानांत ते नव्हतंच. मधेच कन्नड मुलांकडं वळून तेच कन्नडमध्ये सांगितलं आणि परत मराठीत आली, कुठं अडखळली नाही. हरलो त्याचं काही नाही, बोलत राहावी असंच वाटत होतं. मी घरात भरपूर बोलतो हो, पण वर्गात उभा राहिलो की आवाजच बदलतो, पुस्तकातला माणूस बोलालाय असं वाटतं.

खानापूरवाला:
विषय तिच्या घरातला होता भावा. तुझ्या घरातला विषय घेऊन उभा राहा आणि बघ.

निपाणीकर काका:
तयारी नव्हती असं समजू नका. आमच्याकडं तंबाखूवर बोलणं लहानपणापासून कानावर पडतं. तंबाखूच्या दरासाठी १९८१ च्या आंदोलनात शेतकरी हायवेवर बसले होते, त्या गोष्टी अजून घरोघरी निघतात. त्या पोरीनं हे सगळं आईजवळ बसून शंभरदा ऐकलं असणार, मनात बोलून बघितलं असणार. ती तयारीच की.

चिकोडीची शिक्षिका:
तिनं तुझा मुद्दा आधी मान्य केला, ते मला फार आवडलं. बहुतेक मुलं समोरच्याचं बोलणं संपायच्या आत स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत असतात, ही ऐकत होती म्हणून तर थांबली. आणि "हाय", "न्हाई" म्हणाली ते अगदी बरोबर केलं, स्पर्धेत काही परीक्षक त्याचे मार्क कापतात आणि मला ते अजिबात पटत नाही, पोरांची निम्मी ताकद तिथंच जाते. तू पाठांतर सोड बाळ. मुद्द्याचे तीन शब्द लिही आणि आई भाकऱ्या करताना तिला सांगत बस. ती मधे काहीतरी विचारेल, त्याचं उत्तर देता देता जो आवाज निघेल तोच तुझा.

बीए दुसरं वर्ष, बेळगाव:
थँक्यू मॅडम, काका. आज तिला जाऊन सांगितलं की तू लई भारी बोललीस. ती म्हणाली पाय कापालते, म्हणून बेंचला धरून उभी होते. मला तर काहीच दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवावं का हा विषय घेऊया असं सरांना विचारलंय. आमचं गाव कणकुंबीकडं, मलप्रभा तिथंच उगम पावते, आज्जीला बरंच काही माहिती आहे. आज रात्री तिच्याजवळ बसणार आहे, वही न घेता.