न्यू जर्सीहून टेक्सासला जावे का? दोन्हीकडे राहिलेल्यांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार.

आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझ्या नवऱ्याला कंपनीने डॅलसच्या उत्तरेकडील प्लेनो येथे बदली देऊ केली आहे आणि ती स्वीकारली तर आम्ही प्लेनो किंवा शेजारच्या फ्रिस्कोमध्ये घर पाहू. मुलगा आठवीत आहे, आणि सासू-सासरे दर वर्षी उन्हाळ्यात येऊन काही महिने आमच्याकडे राहतात. पगार तोच राहणार असल्यामुळे हा निर्णय सर्वस्वी राहणीमानावर अवलंबून आहे.

पैशांचे गणित मी मांडून पाहिले आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, आणि २०१९ साली तेथील मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून तो लावण्याची वाटही बंद केली. न्यू जर्सीत मात्र उत्पन्नानुसार १.४ टक्क्यांपासून १०.७५ टक्क्यांपर्यंत आयकर आहे. ही बचत खरी आहे. परंतु प्रॉपर्टी टॅक्सच्या बाबतीत टेक्सास स्वस्त आहे असे जे सर्रास बोलले जाते, ते मला पटत नाही. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वांत जड मानला जातो हे खरे, पण टेक्सासचे दरही चढेच आहेत, आणि आम्ही येथल्यापेक्षा मोठे घर घेतले तर वर्षाचे बिल जवळपास तेवढेच येईल असे दिसते. त्यात गारपिटीमुळे महागलेला घराचा विमा आणि जागोजागचे टोल धरले, तर शेवटी हातात नेमके किती उरते?

घराविषयी एक शंका विशेष आहे. डॅलसच्या त्या पट्ट्यात काळी चिकणमाती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. मराठवाड्या-विदर्भातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. तेथील बहुतेक घरांना तळघर नसते, ती सरळ काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात, आणि माती एकसारखी ओलसर राहावी म्हणून लोक उन्हाळ्यात पायाच्या कडेने झिरपणारा पाइप टाकून पाणी देतात असे कळले. दहा-पंधरा वर्षांचे घर घेताना भिंतींच्या आणि विटांच्या भेगांत काय पाहावे, आणि पायाच्या तपासणीसाठी स्वतंत्र अभियंता नेमावा का?

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र सासू-सासऱ्यांची आहे. एडिसनला आमच्या घरापासून भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड चालण्याच्या अंतरावर आहे. सासरे सकाळी एकटे बाहेर पडतात, गवार, कोथिंबीर निवडून घेतात, दुकानदाराशी हिंदीत बोलतात, वाटेत कोणी ना कोणी ओळखीचे भेटते आणि ते अकरापर्यंत परत येतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, तरी ते कोणावर अवलंबून नसतात. मेट्रोपार्क रेल्वे स्थानकामुळे न्यूयॉर्कला जाणेही गाडीशिवाय जमते. फ्रिस्कोमध्ये देऊळ आहे, भारतीय किराणा भरपूर आहे, डॅलस-फोर्टवर्थचे महाराष्ट्र मंडळही आहे. पण हे शहर डार्टच्या, म्हणजे डॅलस परिसराच्या सार्वजनिक वाहतूक सेवेत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांच्या वर जात असताना सत्तरीच्या माणसांनी पायी कुठे जायचे? ज्यांचे आई-वडील तेथे येऊन राहतात, त्यांनी त्यांचा दिवस कसा जातो हे कृपया मोकळेपणाने लिहावे. मोठ्या घरात दिवसभर एसी लावून बसणे याला मी चांगले राहणीमान म्हणू शकत नाही.

याच संदर्भात विजेचे विचारते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज दिवसेंदिवस गेली आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. तेथील ग्रिड, म्हणजे विजेचे जाळे, इतर राज्यांशी फारसे जोडलेले नसल्याने बाहेरून पुरेशी वीजही आणता आली नाही. त्यानंतर वीजकेंद्रांना थंडीसाठी सज्जता सक्तीची झाली आहे, परंतु घरात वयस्कर माणसे असलेली कुटुंबे आता स्वतः काय तयारी ठेवतात?

मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. टेक्सासमध्ये हायस्कूलच्या वर्गातील क्रमांकावर राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाने त्यासाठीची मर्यादा २०२६ पासून वरच्या ५ टक्क्यांवर आणली आहे. फ्रिस्को-प्लेनोच्या चुरशीच्या शाळांत नववीपासूनच क्रमांकाची धास्ती असते का, आणि बाहेरून आलेल्या मुलाचे आठवीतील बीजगणिताचे श्रेयांक तेथे धरले जातात का?

व्हिसाबद्दल एवढेच विचारते की, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सुधारित याचिका आणि ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याकडून घ्यावे लागणारे लेबर सर्टिफिकेशन नव्या ठिकाणासाठी पुन्हा करताना, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर असलेल्यांना प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख, राखण्यात काही अडचण आली का? वकिलांशी आम्ही बोलतच आहोत, तरी अनुभव ऐकायला आवडतील.

तेथील शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे आम्हाला कंपनीला एप्रिलअखेर उत्तर द्यायचे आहे. प्लेनो, फ्रिस्को, अगदी डॅलसजवळच्या अर्व्हिंगमध्येही, जेथे वयस्कर माणसाला किराणा, देऊळ किंवा वाचनालय यांपैकी एखादे तरी ठिकाण सावलीतून पायी गाठता येते, अशी वस्ती कोणाला ठाऊक असेल तर तिचे नाव आवर्जून कळवावे.