पित्ताशय काढलं, आता जेवलं की लगेच पळावं लागतंय

खडे होते म्हणून मागच्या महिन्यात दुर्बिणीतनं ऑपरेशन झालं, ४ भोकं आणि दुसऱ्या दिवशी घरी. टाके सुकले पण जेवून अर्धा तास झाला नाही तोवर पोट ढवळतं आणि पळावं लागतं, पिवळं पातळ. सात रस्त्याला बस धरायची म्हणजे आधी घरी दोनदा जाऊन यायचं. तळलेलं कधीच सोडलंय, नुसती ज्वारीची भाकरी, आमटी आन् शेंगाचटणी. आई म्हणते पित्तच काढलं तर त्रास कसला राहतोय?

कडकभाकरी: पित्त नाही ओ काढत, पिशवी काढतात. पित्त लिव्हरच करतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर, पिशवी फक्त ते साठवून दाट करायची आणि तेलकट आलं की सोडायची. आता साठवायला जागाच नाही, ते आपलं सारखं आतड्यात उतरत राहतं, काहींना त्यानंच जुलाब होतात. आणि तळलेलं सोडलं म्हणताय पण चटणीचं काय? शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, वर आपण खड्डा करून कच्चं तेल ओतणार. मी पण हेच करत होतो बे, सोलापूरचा माणूस चटणीला तेलकट धरतच नाही. ३ आठवडे बंद केली, मग अर्ध्या चमच्यापासून सुरू, तेल न घालता, दह्यात कालवून.

रिटायर्ड सिस्टर: एकदम पोटभर नको, थोडं थोडं ४-५ वेळा खा. चहा-कॉफी कमी करून बघा. इसबगोल भरपूर पाण्यातनं घेतलं तर काहींना शौच बांधून होते. बऱ्याच जणांचं आपोआप बसतं, पण तुमचा महिना झाला म्हणजे सर्जनना दाखवाच. पित्त धरून ठेवणारी कोलेस्टिरामिन नावाची पावडर मिळते, पण मनानं आणू नका, बीपी-थायरॉइडच्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्या तर नीट लागू पडत नाहीत, मध्ये काही तास सोडावे लागतात. आणि ताप, डोळे पिवळे, लघवी गडद किंवा उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, पित्ताच्या नळीत खडा राहिलेला असू शकतो.

प्रश्न विचारणारा: तसलं काही नाही, उद्या ओपीडीला जातोच. चटणीचा डबा बायकोनं आत्ताच वरच्या फळीवर टाकला. पण रविवारी मित्राच्या शेतात हुरडा आहे, तिथं काय चटणी नुसती बघत बसू?

कडकभाकरी: हुरडा पण मूठभरच खा लका. शेताच्या आसपास संडास कुठंय तेवढं आधी विचारून ठेव.