आयजीई वाढलं म्हणजे खाण्याचीच ॲलर्जी असं नाही

ताई, अंगावर बरेच दिवस गांधी (खाजणारे लालसर फुगवटे) उठतात आणि रक्तात एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित अँटिबॉडी) जास्त आलं म्हणून तुम्ही वांगी, डाळी, दही सगळं बंद केलंत, हे वाचून वाईट वाटलं. ६ आठवड्यांहून जास्त काळ गांधी उठत असतील तर खाण्यातली ॲलर्जी हे कारण क्वचितच निघतं. बऱ्याच जणांत शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं, त्या अँटिबॉडी त्वचेतल्या मास्ट पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतात आणि खाज-सूज आणणारं हिस्टामिन बाहेर पडतं. महागड्या फूड पॅनेलपेक्षा (खाण्याच्या ॲलर्जीच्या एकत्रित तपासण्या) सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी) या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आयजीई खूप कमी आणि अँटी-टीपीओ जास्त असेल, तर ओमालिझुमॅबचा (अशा गांधींवर दिलं जाणारं इंजेक्शन) गुण बहुधा उशिरा किंवा कमी येतो. तुमचं आयजीई जास्त आहे, म्हणजे त्या इंजेक्शनची वेळ आलीच तर ही उलट आशेची गोष्ट! सीबीसीत बेसोफिल आणि इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचे दोन प्रकार) किती आहेत, तेही बघून इथे लिहा.