लांबच्या प्रवासात मामेबहिणीला इंग्रजी बोलतं कसं करू?

स्टेअरिंगवाली : पुढच्या महिन्यात लांबचा प्रवास आहे, गाडी मीच चालवणार. सोबत मामेबहीण आहे, इंग्रजी घेऊन बीए करतेय. व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं, लिहिते छान, पण बोलायची वेळ आली की 'यस', 'नो', 'ओके'. मामीचा हुकूम आहे, "एवढे तास सोबत आहात तर इंग्रजीतच बोला." परवा सहज विचारून पाहिलं, 'व्हॉट आर युअर हॉबीज?' ती म्हणाली 'रीडिंग', आणि पुढे बराच वेळ फक्त इंजिनाचा आवाज. ऑफिसात मी दिवसभर इंग्रजी बोलते, पण शिकवणं हा माझा प्रांत नाही. चुका दाखवायच्या की सोडून द्यायच्या? आणि गाडी चालवताना हे सगळं झेपेल का?

खडूफळा : आधी गाडीचं. 2008 मध्ये ड्र्यूज, पसुपती आणि स्ट्रेयर या संशोधकांनी सिम्युलेटरवर तपासलं होतं की चालकाला फोनवरच्या गप्पा जास्त नडतात की शेजारच्याशी मारलेल्या. फोनवरच्या जास्त नडल्या. शेजारच्याला रस्ता दिसतो, वाहतूक वाढली की बोलणंही रस्त्याकडे वळतं. पण परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या माणसाला समोरचा ट्रक दिसेलच असं नाही. म्हणून निघण्याआधीच ठरवा : तुम्ही 'पॉज' म्हणालात की तिने शब्द अर्धा असला तरी थांबायचं. गाडी मार्गी लागली की सूत्र पुन्हा तिनेच हातात घ्यायचं, 'सो, ॲज आय वॉज सेइंग...' म्हणत. गप्पांत हे वाक्य किती कामाला येतं ते तुम्हाला ऑफिसात माहीत असेलच.

आता छंदांचं. त्या प्रश्नाच्या उत्तरावाचून तुमचं काही अडत नव्हतं आणि ते तिला कळत होतं. जे तिला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, ज्याच्याशिवाय तुमचं खरंच अडेल, असं काहीतरी हवं. गाडीत ते आयतं आहे : रस्ता. फोनचा आवाज बंद करा आणि नकाशा तिच्या हातात द्या. 'टेक द सेकंड लेफ्ट आफ्टर द ब्रिज', 'स्टे इन दिस लेन', 'सॉरी, वुई मिस्ड अवर टर्न'. हे तिला वेळेत आणि ऐकू जाईल असं बोलावंच लागतं, मनातल्या मनात वाक्य घोटायला सवड नसते. मात्र हे मोकळ्या रस्त्यावरच. शहरात शिरलात किंवा अंधार पडला की फोनचा आवाज चालू.

दुसरा प्रकार वर्गात मी हमखास वापरतो. एकच गोष्ट तीनदा सांगायची : आधी 4 मिनिटांत, मग 3, मग 2. पॉल नेशन यांनी 1989 मध्ये यावर लिहिलं आहे. नवं काय सांगायचं हे शोधावं लागत नाही, त्यामुळे सगळा जोर ओघावर राहतो. खरं तर दर वेळी ऐकणारा नवा हवा. गाडीत तुम्ही एकट्याच, तेव्हा निदान तिसऱ्यांदा तरी तिने फोनमध्ये रेकॉर्ड करावं.

चुकांबद्दल. तिचं वाक्य आपण दुरुस्त करून परत म्हणायचं, ही आपली सगळ्यांची खोड. लिस्टर आणि रांता यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच पाहिलं : शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा असंच दुरुस्त करत होते, आणि मुलं त्यालाच सगळ्यात कमी दाद देत होती. मुलांना वाटतं, बाई नुसतं 'हो हो' म्हणताहेत. त्यापेक्षा एका टप्प्यात एकच चूक धरा. समजा भूतकाळ धरला. ती म्हणाली 'यस्टरडे आय गो', तर तुम्ही 'यस्टरडे आय...?' एवढंच म्हणून गप्प बसा. पुढचा शब्द तिला भरू द्या. बाकी सगळ्या चुकांना त्या टप्प्यापुरती माफी.

पुढच्या टप्प्याला उच्चार घेता येईल. आपली मुलं 'वॉक्ट'ला सर्रास 'वॉकेड' म्हणतात. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा डचा आवाज असेल तरच 'इड' ऐकू यायला हवं, जसं 'वाँटेड', 'नीडेड'. एरवी नुसता ट किंवा ड.

मागची_सीट : मी त्या बहिणीच्या जागी बसून आलेय, म्हणून थोडं तिच्या बाजूने. गाडीत सगळ्यात बरं काय वाटतं, तर समोरचा तोंडाकडे टक लावून बघत नाही. दोघी रस्त्याकडे बघत असता, त्यामुळे वाक्य अडलं तरी ते लाजिरवाणं वाटत नाही. तेव्हा ती थांबली की लगेच शब्द पुरवू नका, प्लीज. आमच्या गाडीत एक उत्साही दादा होता, दर वाक्याला मागून गुण द्यायचा. असा कुणी सोबत असेल तर त्याला झोपू द्या.

आणि मुलाखत उलटी घ्या, प्रश्न तिने विचारू देत. उत्तरं कशीही निभावतात, प्रश्न रचताना खरी फजिती. मी 'यू आर वर्किंग व्हेअर?' असंच म्हणायचे. तुमच्या ऑफिसातल्या भानगडी तिला खोदून काढू द्या, तिला रसही वाटेल.

अर्धा_कप : सगळं ठीक, पण पूर्ण प्रवास इंग्रजीत केलात तर पोरगी परतीला दुसरी गाडी शोधेल. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत इंग्रजी, त्यापुढच्या टप्प्यात मनसोक्त मराठी. दमलात तर पॉडकास्ट लावा आणि दोघींनी निवेदकाच्या मागोमाग, त्याच्याच चढउतारात बोला. काचा बंद असतात, कोण ऐकतंय!

स्टेअरिंगवाली : नकाशाचं लगेच पटलं, दिशा सांगण्यात मीच कच्ची आहे. मुलाखतही घेऊ दे तिला, फक्त साहेबांबद्दल विचारलं की मी 'पॉज' म्हणणार. @खडूफळा सर, रेकॉर्डिंग तिला तिथेच ऐकवायचं का?

खडूफळा : तिथे नको, आणि तुमच्यासमोर तर नकोच. पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही वेळांचं रेकॉर्ड करून ठेवा. मुक्कामाला पोचल्यावर ती एकटी ऐकेल, पाठोपाठ.