मदत हवी आहे: हिमालयनचा सायलेन्सर फार ओरडतो, लांबच्या प्रवासात डोकं भणभणतं (ठाणे)

वाघबीळकर

नमस्कार मंडळी. 2019 ची रॉयल एनफिल्ड हिमालयन (411 सीसी, बीएस-4 म्हणजे जुन्या प्रदूषण निकषांची) सेकंडहँड घेतली. इंजिन ठणठणीत आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून आखूड, गोल स्लिप-ऑन (मूळ पाईपच्या टोकावर सरकवून बसवायचा बाहेरचा सायलेन्सर) बसवलाय, आणि मूळचा सायलेन्सर कधीच भंगारात गेलाय. स्लिप-ऑनवर कंपनीचं नाव नाही. टोकाला डीबी किलर (आवाज दाबायला तोंडात बसवायची नळी) नाही, नुसतं उघडं भोक.

घोडबंदर रोडवर राहतो. पार्किंग पोडियमखाली, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर, चारी बाजूंनी काँक्रीट. माळशेजला उजाडायच्या आत पोचायचं तर पहाटे चारला निघावं लागतं. स्टार्टर दाबला की पहिल्या मजल्यावरचे दिवे लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर आधी टोमणे आले, मग सेक्रेटरींनी लेखी पत्र दिलं. खरं सांगायचं तर पत्र रास्त आहे. खालीच एक तान्हं बाळ आहे.

दुसरं म्हणजे माझंच डोकं. 4000 आरपीएमच्या आसपास एक ढबढब सुरू होते ती थांबतच नाही. मुरबाडला पोचेपर्यंत कान बधीर, आणि संध्याकाळी घरी आल्यावर टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मागे बसणारी बायको आता ‘मी एसटीने येते, तू तिथे भेट’ म्हणते.

तिसरं, उतारावर थ्रॉटल सोडला की फट् फट् फटाके. हे आधी इतकं नव्हतं, महिनाभरात वाढलंय.

जवळच्या मेकॅनिकने टोकाला पत्रा वेल्ड करून भोक लहान करून देतो म्हटलंय. करू का? मला गाडी मुकी करायची नाही, थोडी धडधड हवीच. पण ही कटकट नको.

फुलटँक

कंपनीचा सायलेन्सर लावा. विषय संपला.

वाघबीळकर

मिळाला तर लावेनच हो. नवीन घ्यायचा तर किंमत ऐकून थ्रॉटल आपोआप सुटतो. जुना शोधतोय. तोवर काय?

खटपट्या

रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, रोज पत्रा आणि पाईप. म्हणून आधी सांगतो, तो पत्रा वेल्ड करू नका. मेकॅनिक अंदाजाने भोक ठेवणार. 50 मिलिमीटरच्या तोंडावर 25 चं भोक ठेवलं तर व्यास निम्मा होतो, पण क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरतं. सिंगल सिलिंडरचा एवढा मोठा ठोका तिथून बाहेर पडताना कोंडतो, इंजिन तापतं, चढावर दम निघतो. आणि नाही पटलं तर ग्राइंडरने कापण्याशिवाय परत वाट नाही.

सुरुवात फटाक्यांपासून करा, कारण ती बहुतेक गळती आहे. स्लिप-ऑन आणि इंजिनातून येणाऱ्या बेंड पाईपच्या जोडावर ग्रॅफाइटचं गॅस्केट (जोड हवाबंद करणारं कडं) असतं. सायलेन्सर काढघाल करताना लोक जुनंच परत दाबतात किंवा बसवतच नाहीत. थ्रॉटल सोडला की पाईपमध्ये क्षणभर हवा उलट ओढली जाते, फटीतून बाहेरची हवा आत येते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये पेटतं. तोच तो फट्. शिवाय फट ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास असेल तर सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) उगाच पेट्रोल वाढवतो.

तपासायला सकाळी गाडी पूर्ण थंड असताना साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या. गाडी चालू करून लगेच जोडावर, क्लॅम्पवर आणि वर हेडला पाईप लागतो तिथे मारा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. दुसऱ्या कुणाला जाड, ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन सेकंद दाबायला सांगितलं तर फुस्स आवाज स्पष्ट ऐकू येतो. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर एवढं करायचीही गरज नाही. मिनिटभराच्या आत उरका, पाईप चटकन तापतो.

जोड ठीक झाल्यावर पॅकिंग. तुमचा स्लिप-ऑन बहुतेक आरपार आहे, म्हणजे मधे जाळीदार नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल. ते जळून, उडून जातं. सायलेन्सरचा बाहेरचा पत्रा पूर्वीपेक्षा जास्त तापतो का? गाडीवर असताना मुठीने हलकं ठोकलं तर पोकळ वाजतो का? दोन्हीला हो असेल तर आत काही उरलेलं नाही. टोकाचे रिव्हेट ड्रिलने काढायचे, नळी बाहेर ओढायची, तिच्यावर आधी स्टेनलेस स्टील वूलचा पातळ थर आणि त्यावर लांब धाग्याचं, एक्झॉस्टसाठीचंच वूल गुंडाळायचं. एसी डक्टचं किंवा छताचं ग्लासवूल भरू नका, या तापमानाला ते टिकत नाही आणि मागून तुसं उडतात. हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. फार ठोसून भरलं तरी उपयोग नाही, हवेला धाग्यांमध्ये जागा लागते.

आणि डीबी किलर बोल्टवाला घ्या. टोकाला 6 मिलिमीटरचा एलन बोल्ट, काढता येतो, घालता येतो. नुसती अरुंद नळी नको, अंगावर भोकं असलेली घ्या.

चाकोरीबाहेर

आमच्याकडच्या एकाने तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली होती. पनवेलच्या सिग्नलला थ्रॉटल दिला, घासणी मागच्या रिक्षाच्या काचेवर.

कलम190

कायद्याचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला 80 डेसिबल (ए) ही मर्यादा आहे, पण ती गाडी बनवतानाच्या चाचणीची, साडेसात मीटरवरून गाडी जाताना मोजायची. तुम्ही सायलेन्सरच्या मागे फोन धरून 96 वाचलं आणि घाबरलात, किंवा लांबून 78 वाचून निर्धास्त झालात, तरी त्याला अर्थ नाही.

रस्त्यावर आकड्याच्या आधी बदललेला सायलेन्सर दिसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल चालत नाही. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम 190(2) लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळेलाच दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. जप्त सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पॅकिंग वगैरे तात्पुरतं ठीक, पण शेवटी कंपनीचाच लावावा लागेल हे धरून चाला.

सीवूड्सची पिलियन

मागे बसणाऱ्यांची बाजू मांडते. सगळा आवाज सायलेन्सरचाच आहे असं गृहीत धरू नका. ताशी 80-90 ला हेल्मेटमधल्या वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. एक साधी चाचणी करा. सरळ, मोकळा रस्ता, मागे कुणी नाही बघून क्लच दाबा, थ्रॉटल सोडा, दोन-तीन सेकंद ऐका. ढबढब गेली आणि घोंगावणं उरलं तर उरलेला वाटा वाऱ्याचा. आमच्या गाडीवर निम्मं भांडण विंडस्क्रीनचं निघालं. ती इतकी उंच होती की वरून सुटणारी हवा थेट हेल्मेटच्या कडेवर आपटायची. कोन बदलला, फरक पडला.

आणि दोघांनीही इअरप्लग घाला. फोमचे, केमिस्टकडे मिळतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा रूढ हिशेब असा की 85 डेसिबल आठ तास चालतो, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एकच तास. संध्याकाळी टीव्ही मोठा करावा लागतो म्हणताय ना, त्याकडे दुर्लक्ष करू नका. प्लग घालूनही हॉर्न ऐकू येतात, उलट घोंगावणं कमी झाल्यामुळे जास्त नीट येतात.

सोसायटीसाठी सोपा उपाय, तोही फुकट. गाडी ढकलत गेटबाहेर न्या आणि तिथे चालू करा. पोडियममध्ये आवाज भिंतींवर आपटून घुमतो, उघड्यावर तेवढा नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला जागेवर पाच मिनिटं गरम करायची गरजच नसते. चालू करा, लगेच निघा, मेन रोडपर्यंत हळू.

वाघबीळकर

सगळ्यांचे आभार. गेल्या आठवड्यात जोड उघडला. गॅस्केट म्हणून जे होतं ते बोटाने चुरलं गेलं. नवीन टाकलं, क्लॅम्प बदलला, आणि फटाके जवळजवळ बंद झाले. खटपट्या म्हणतात तसं आत वूल नव्हतंच, नळीला चिकटलेली थोडी काळी जळमटं. भरून घेतलं, बोल्टवाला डीबी किलर लावला. फोनचं माप खरं नसतं हे कळलं, पण त्याच जागी, अर्धा मीटर अंतर आणि 45 अंशात फोन ठेवून आधी-नंतर मोजलं तर चांगलाच फरक आहे. कर्कशपणा गेला. गाडी गेटबाहेर ढकलतो, सेक्रेटरी परवा हसले.

क्लचची चाचणीही केली. वारा आहेच, पण 4000 ची ढबढब बरीचशी तशीच. वूल भरूनही का?

खटपट्या

कारण वूल वरच्या पट्टीचा आवाज खातं, खालच्या पट्टीचा नाही. फोर स्ट्रोक सिंगल दोन फेऱ्यांत एकदा ठोका देतं. 4000 आरपीएमला मिनिटाला 2000 ठोके, सेकंदाला सुमारे 33. 33 हर्ट्झची हवेतली लाट दहा मीटरच्या आसपास लांब असते. तिला इंचभर जाडीचं वूल कळतही नाही. तिच्यासाठी कप्पे आणि पोकळी लागते, आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवायचा. कंपनीचा सायलेन्सर म्हणूनच एवढा मोठा आणि जड असतो, कंपनीला पत्रा उधळायची हौस नसते. आखूड स्लिप-ऑनमध्ये तेवढी जागाच नाही. सध्या एक गिअर वर-खाली करून 4000 टाळा.

वाघबीळकर

म्हणजे घुमून फिरून फुलटँक यांचं एक वाक्य. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एकाकडे 411 चा जुना सायलेन्सर आहे म्हणतात. बघायला जाताना काय तपासू?

फुलटँक

हातात घेऊन हलवा. आत खुळखुळलं तर कप्पा तुटलाय, सोडून द्या. खालची बाजू पालथी करून बघा, पाणी तिथेच साठतं आणि गंज आतून लागतो, वरून कितीही चकाचक असो. स्क्रू ड्रायव्हरने दाबा, पत्रा आत गेला तर नको. ताजा काळा रंग मारला असेल तर जास्तच संशय घ्या. स्लिप-ऑन कुठे जोडलाय तेही आधी बघा, मूळ पाईप कापला असेल तर नुसता सायलेन्सर पुरणार नाही. आतल्या तोंडाचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि स्वतःच्या पाईपशी जुळवा. टांगायच्या ब्रॅकेटचं रबर बुश सोबत मागून घ्या, नंतर वेगळं शोधत फिरावं लागतं. नवीन ग्रॅफाइट गॅस्केट इकडूनच घेऊन जा.

खटपट्या

आणि घेतलात तर बसवायला रबाळ्याला या. जुना बोल्ट तुटला तर काढायचं सामान माझ्याकडे आहे. रविवार सोडून.