अनुभव धागा : हरिकेनआधीची घराची शाकारणी

१ जून उजाडला. आता ३० नोव्हेंबरपर्यंत इथे अमेरिकेत हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, मोसम. मेक्सिकोच्या आखातात आणि अटलांटिकमध्ये काय शिजतंय याकडे डोळे लावून बसायचं.

माझं माहेर श्रीवर्धनचं. मे कलला की आमच्याकडे शाकारणी निघायची. फुटकी कौलं बदलायची, पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा आत यायचा, मीठ-मिरची-डाळींची बेगमी व्हायची. यंदा पाऊस येईल का, असा प्रश्नच नसायचा. हरिकेनचं तसं नाही. तीन-चार वर्षं काही येत नाही, आपण सैलावतो, आणि टीव्हीवर नकाशा दिसला की सगळं गाव एकाच दिवशी पाणी आणि प्लायवूड घ्यायला धावतं. त्यात ऐन जोराचे दिवस म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, नेमके आपले गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र.

म्हणून हा धागा. काय साठवायचं याच्या याद्या सगळ्यांकडे आहेत. तुमच्या घरात वारा, पाणी, अंधार नक्की कुठून शिरला आणि त्यानंतर तुम्ही घरात काय बदललंत, ते मला ऐकायचंय. सुरुवात मी करते.

२०१७ साली आम्ही केटीला राहत होतो, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, बार्कर जलाशयाच्या मागच्या अंगाला. २५ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. सकाळी मूर्ती बसवली, एकवीस मोदक झाले, आणि त्याच रात्री हार्वी नावाचं वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर चढलं. कॅटेगरी चार (वाऱ्याच्या वेगाची प्रतवारी, पाच सर्वांत वरची), पण आमच्यापासून दीडशे मैलांवर. आम्ही म्हटलं, सुटलो. वारा आमच्याकडे खरंच फार नव्हता. पण ते वादळ पुढे सरकेना. शनिवार, रविवार, सोमवार पाऊस कोसळतच राहिला.

सोमवारी रात्री दाराशी वाळूच्या पोत्यांची रांग लावून आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो होतो. पाणी दारातून आलंच नाही. लेक म्हणाली, "आई, इथे गालिचा ओला लागतोय." भिंतीकडेचा गालिचा पाय ठेवला की पिचपिचत होता. इथल्या बऱ्याच घरांना बाहेरून विटांचं एकेरी आवरण असतं आणि आत हवा खेळावी म्हणून त्याच्या तळाशी ओळीने बारीक फटी सोडलेल्या असतात. पाणी त्या फटींतून भिंतीच्या पोटात शिरलं आणि सोफ्याच्या मागून बाहेर आलं. पहाटे घोट्याएवढं, दुपारी गुडघ्याएवढं. आणि आवाज कसलाच नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची मासेमारीची बोट होती, तिच्यातून आम्ही निघालो. मूर्ती भाताच्या मोठ्या पातेल्यात, टॉवेलांत गुंडाळून, माझ्या मांडीवर.

विमा होता, पण घराचा. नकाशावर आम्ही पूररेषेच्या बाहेर, म्हणून पुराचा वेगळा काढलाच नव्हता. घराच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत हे मला त्या आठवड्यात कळलं. सगळ्या भिंती चार फुटांपर्यंत कापून काढल्या, तेव्हा समोरच्या खोलीतून थेट स्वयंपाकघर दिसायचं.

आता केटीतच दुसऱ्या घरात आहोत, पण पूरविमा पहिल्या दिवसापासून आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेत इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात, आणि साधारणपणे पॉलिसी काढल्यावर ३० दिवसांनी लागू होते. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाला उपयोगाचा नाही. दर मेअखेर मी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढते, कपाटं आणि खण उघडून. कागदपत्रं, आईच्या हातच्या गोधड्या, जुने अल्बम चार फुटांच्या वर. भिंतीतल्या त्या फटी मात्र कायमच्या बुजवू नका, भिंत आतून कुजते.

शुगरलँड, टेक्सस

ताई, आमचं याच्या उलट. पाण्याचा थेंब आत आला नाही. ८ जुलै २०२४ ला बेरिल आलं, कॅटेगरी एक. "एक नंबरचं तर आहे" असं म्हणून आम्ही रात्री निवांत झोपलो होतो. पहाटे वीज गेली. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात होती. आमच्याकडे वीज यायला सात दिवस लागले, आणि ते दिवस जुलैचे. कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाऊस किती, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या, त्यांना इन्सुलिन. पहिल्या दिवशी फ्रीज दहादा उघडला गेला, ती मोठी चूक. बंद ठेवला तर फ्रीज साधारण चार तास आणि गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस थंडावा धरतो. शेवटी सासूबाईंनीच मातीची कुंडी धुऊन घेतली, तिच्यात ओला पंचा गुंडाळून कुपी ठेवली आणि वर ओलं फडकं. फार्मसीत विचारून खात्री केली, तेवढ्या गारव्यात ती टिकणार होती. आता त्यासाठी वेगळी थंड पिशवी घेतली आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये औषध संपायच्या आठवडाभर आधी भरतो.

दुसरी गोष्ट सांगायला हवी. शेजाऱ्यांनी जनरेटर गॅरेजमध्ये ठेवला, दार उघडं टाकून. रात्री अकराला त्यांच्या घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला म्हणून चार माणसं वाचली. त्या वायूला वास नाही, रंग नाही. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब, मोकळ्यावर, आणि धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला. अलार्मच्या बॅटऱ्या मी आता १ जूनलाच बदलतो.

ह्यूस्टन, जुना रहिवासी

इथे मी १९९० च्या दशकापासून आहे. २००५ च्या सप्टेंबरमध्ये रीटा यायच्या वेळी सगळं शहर एकदम निघालं, कारण कत्रिना वादळाला जेमतेम तीन आठवडे उलटले होते आणि बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सची चित्रं डोळ्यांपुढून हलत नव्हती. डॅलसचा चार-पाच तासांचा रस्ता आम्हाला एकवीस तासांचा झाला. एसी बंद ठेवून, पेट्रोल वाचवत, मुलांच्या अंगावर ओले रुमाल टाकत. रस्त्यावर माणसं दगावली. आणि वादळ शेवटी पूर्वेला वळलं.

म्हणून तरुण मंडळींना सांगतो, सगळ्यांनी पळायचं नसतं. आपल्या पत्त्याला समुद्राचं किंवा खाडीचं पाणी गाठणार असेल तर आज्ञा निघण्याचीही वाट न बघता निघायचं. नुसता वारा असेल आणि घर नीट बांधलेलं असेल, तर खिडक्या झाकून आतल्या खोलीत बसायचं, म्हणजे किनाऱ्यावरच्यांना रस्ता मोकळा मिळतो. आपण स्थलांतराच्या कुठल्या भागात (झोनमध्ये) मोडतो हे सरकारी संकेतस्थळावर आज बघून ठेवा. त्या दिवशी ते संकेतस्थळ उघडत नाही.

केप कोरल, फ्लोरिडा

काकांच्या म्हणण्याला माझी जोड. २०२२ साली २६ सप्टेंबरला घटस्थापना होती. तोवर इयन टँपाकडे जाणार असं चित्र होतं आणि आम्ही अंदाजाच्या नकाशावरच्या पांढऱ्या शंकूच्या अगदी कडेला. मी समजत होते की शंकूबाहेर वादळ नाही. पण शंकू फक्त वादळाचा मध्यबिंदू कुठून जाऊ शकेल ते दाखवतो, आणि तोही दर तीनातल्या एखाद्या वेळी बाहेर पडतो.

२७ तारखेला आमच्या भागाला निघायची आज्ञा आली. घट बसलेले, नंदादीप लावलेला. माझा पाय निघेना. कोल्हापूरला सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "देवी गाडीत बसेल. तू पोरांना घे आणि नीघ." परडी मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवली आणि फोर्ट लॉडरडेलला मैत्रिणीकडे गेलो. २८ ला इयन आमच्याजवळच, कायो कोस्टाला, ताशी १५० मैलांच्या वाऱ्याने चढलं. परतलो तेव्हा घरात भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती, जशी कोणी फूटपट्टीने आखावी तशी.

बदल काय केला? दारामागे एक पाठपिशवी टांगलेली असते. पासपोर्ट, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड), विसाची मूळ कागदपत्रं, घराची पॉलिसी, थोडी रोकड, सगळं झिपच्या पिशव्यांत. वीज नसली की कार्ड चालत नाहीत, सुट्या नोटाच लागतात.

मायामी

थोडक्यात लिहितो. खिडक्यांना चिकटपट्टीची फुली मारू नका. काच फुटायची ती फुटतेच, उलट मोठे धारदार तुकडे उडतात. शटर नसतील तर पाऊण इंच किंवा निदान पाच अष्टमांश इंच जाडीचं प्लायवूड, आत्ताच मापून कापून, प्रत्येक तुकड्यावर खिडकीचं नाव लिहून ठेवा. आणि गॅरेजचं दार बघा. घरातलं सर्वात मोठं आणि सर्वात लेचंपेचं दार तेच. ते आत वाकलं की वारा घरात भरतो आणि छत खालून उचलतो. १९९२ च्या अँड्र्यूनंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले, राज्यभराचा एकच कोड २००२ पासून लागू झाला. घर त्याआधीचं असेल तर छत भिंतींना कशाने बांधलंय, नुसते खिळे की धातूच्या पट्ट्या, हे माणूस बोलावून तपासून घ्या. पट्ट्या असल्याचा दाखला दिला की विम्याच्या हप्त्यात सूटही मिळते.

सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा

२०२४ चं ते पंधरवड्याचं दुःख अजून ताजं आहे. २६ सप्टेंबरला हेलीन आमच्यापासून शंभराहून जास्त मैलांवरून गेलं, बिग बेंडला चढलं, आणि तरी खाडीचं पाणी सहा फुटांवर चढून आमच्या घरात आलं. खारं पाणी. गोड्या पाण्यात भिजलेलं सामान कधी वाळतं, खाऱ्याने भिजलेलं गंजतच जातं. विजेवरच्या गाड्या असतील तर त्या आधीच उंचावर नेऊन ठेवा, खारं पाणी बॅटरीत गेलं की नंतर आग लागू शकते.

गाद्या, कपाटं, भिंतींचे तुकडे सगळं फुटपाथवर रचलेलं होतं, ते उचलून न्यायच्या आतच मिल्टनची बातमी आली. ९ ऑक्टोबर, बरोबर तेरा दिवसांनी. तेव्हा भीती वेगळीच होती, की आपल्याच घरातली फुटकी कपाटं उद्या गोळ्यासारखी उडून दुसऱ्याच्या खिडकीत जातील. रात्री टॉर्च लावून दहा-बारा शेजाऱ्यांनी मिळून ते ढीग कुंपणाला दोरांनी बांधले. मिल्टन आमच्या दक्षिणेला चढलं, खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, पण एका रात्रीत अठरा इंचांवर पाऊस पडला.

विम्यात 'हरिकेन डिडक्टिबल', म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा पहिला वाटा, वाचून घ्या. तो ठरावीक रक्कम नसून बहुधा टक्क्यात असतो. घर चार लाखांचं धरलेलं असेल आणि दोन टक्के लिहिले असतील, तर पहिले आठ हजार आपल्या खिशातून. आम्ही त्यासाठी वेगळं खातं उघडलंय.

एडिसन, न्यू जर्सी

उत्तरेकडच्यांनी हा धागा ओलांडून जाऊ नये म्हणून लिहिते. २९ ऑक्टोबर २०१२, सँडी. त्या दिवशी कोजागिरी. पौर्णिमेच्या भरतीवरच ते वादळ आलं, म्हणून किनाऱ्याला पाणी इतकं चढलं. आटवलेलं दूध गॅसवर तसंच राहिलं. नंतर पेट्रोलला सम-विषम नंबरप्लेटप्रमाणे रांगा. पुन्हा २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी तळघर बुडवलं. तळघरातलं पाणी उपसणारा पंप विजेवर चालतो आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. आता बॅटरीवरचा दुसरा पंप आहे, आणि महिन्यातून एकदा पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो उचलतो की नाही ते बघते. बेगमी म्हणाल तर मेतकूट, भाजणी, पोहे, दशम्या. हे सगळं न शिजवता किंवा एका छोट्या शेगडीवर, बाहेर अंगणात, होतं.

दिवेआगर

ताई, तुमच्या माहेराजवळून लिहितोय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ भर दुपारी आमच्यावरून गेलं. पत्रे कागदासारखे उडाले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वीज यायला आमच्या वाडीत महिना गेला. शाकारणी झालेलीच होती, पण ती पावसासाठी, एवढ्या वाऱ्यासाठी नव्हे. आता पत्र्याच्या प्रत्येक पन्हाळीला हूक आहेत, आधी एक सोडून एक होते. मागच्या बाजूला एक स्लॅबची खोली बांधली, तिथे सगळी वाडी मावते. घरावर कलणाऱ्या माडाची मेमध्येच झावळं आणि नारळ उतरवतो.

टँपा, विद्यार्थी

मी नुकताच आलोय, अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर माझं नाही, पैसेही बेताचे. मी सुरुवात कुठून करू?

केटी, धागाकर्ती

सुरुवात तुझ्या आय-२० (विद्यापीठाने विद्यार्थी-विसासाठी दिलेला दाखला) आणि पासपोर्टपासून कर. दोन्हींचे फोटो काढून आईबाबांनाही पाठव. इमारत स्थलांतराच्या कुठल्या अक्षराच्या झोनमध्ये आहे ते आज रात्री बघून फोनमध्ये लिहून ठेव. तिसरा मजला पाण्यापासून वाचवतो, पण लिफ्ट आणि नळ बंद पडतात, तेव्हा माणशी रोज एक गॅलन धरून निदान तीन दिवसांचं पाणी लागेल. दर आठवड्याला किराणा आणताना दोन-दोन गॅलन आण, एकदम ओझं होणार नाही. भाडेकरूचा विमा स्वस्त असतो, पण त्यातही पूर धरत नाहीत हे विचारून घे. आणि खालची गाडी कुठे न्यायची ते ठरव, रूममेटशी आजच बोल.

ह्यूस्टनकडे यावं लागलं तर आमच्याकडे ये. वरची खोली रिकामीच असते.