डबलबारीच्या फोटोंत आडवे पट्टे येतात, मदत हवी आहे

आमच्याकडे कुडाळजवळ देवळासमोरच्या मांडवात डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, होते. बाबा एका बारीत पखवाजाला असतात आणि मी फोटो काढतो. लग्नांची कामं वर्षभर असतातच, पण हे फोटो माझ्यासाठी सगळ्यात मोलाचे.

यंदा मांडवात रंगीत एलईडी पार लाइट (स्टेजवर झोत टाकणारे दिवे) आले. तेव्हापासून फोटोंत आडवे काळपट पट्टे दिसतात आणि लागोपाठच्या दोन फोटोंत बाबांच्या चेहऱ्याचा रंगही बदलतो.

कॅमेरा मिररलेस, लेन्स ८५ एमएम एफ १.८, आयएसओ ६४०० पर्यंत. आधी आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं, त्यात पट्टे सर्वात जास्त. मेकॅनिकलवर थोडे कमी झाले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/१०० सेकंदावर ठेवून पाहिलं. साध्या ट्यूबलाइटखाली ते चालतं, पण या मंद केलेल्या एलईडीखाली पट्टे पूर्ण जात नाहीत. शिवाय गजराला लय चढली की १/१०० वर पखवाजावरचे हात पुसट होतात. मला तर नेमके तेच हात हवेत. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याशी जुळवून घेणारं सेटिंग) चालू करूनही फरक पडला नाही.

फ्लॅश वापरणार नाही, बुवांचं लक्ष विचलित होतं. लाइट मंडपवाल्याचे आहेत, ते बदलता येणार नाहीत. पुढची बारी त्रिपुरी पौर्णिमेला आहे.

पार लाइटखाली १/२५० च्या आसपास पट्ट्यांशिवाय फोटो मिळवलेत का कुणी? शटर बारीक टप्प्यांनी जुळवून जमेल, की मंडपवाल्याला दिवे मंद न करता पूर्ण उजेडावर ठेवायला सांगू?